लांब इंग्रजी शब्दांच्या याद्या छापताना

महोदय,

पुरवण्यांमध्ये अधूनमधून लांबलचक इंग्रजी शब्दांच्या याद्या अर्थासह येतात आणि शब्दकोडी सोडवणारे त्या कापून ठेवतात. मात्र या याद्यांत बहुतेकदा तीन वेगळे प्रकार एकत्र कोंबलेले असतात: तीच अक्षरे फिरवून झालेले शब्द, अक्षरांची एखादी अट पाळणारे शब्द आणि नुसतेच लांब शब्द. यांतला तिसरा प्रकार सगळ्यात जास्त जागा खातो आणि गंमत त्यातच सगळ्यात कमी असते.

‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. ४५ अक्षरांचा हा शब्द १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या वर्तुळातून आला, आणि तोही लांबीसाठीच. तो सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारासाठी आहे, पण त्या आजाराला डॉक्टर ‘सिलिकोसिस’ म्हणतात, त्यात ९ अक्षरे आहेत. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ची गोष्ट वेगळी. क्षुल्लकपणा दाखवणारे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो केला आहे. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. त्याच्या २९ अक्षरांत आय नऊ वेळा येतो आणि इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे ई हे अक्षर एकदाही येत नाही. ही माहिती दिली तर शब्द छापण्याला अर्थ आहे; नुसता आकडा दिला तर वाचक तो विसरणारच.

खरी मेजवानी अॅनाग्राममध्ये, म्हणजे तीच अक्षरे फिरवून झालेल्या शब्दांत आहे. ‘इंटेरोगेटिव्ह्ज’ म्हणजे प्रश्नार्थक शब्द, ‘रीइन्व्हेस्टिगेटर’ म्हणजे फेरतपास करणारा आणि ‘टर्जिव्हर्सेशन’ म्हणजे भूमिका बदलत राहून सरळ उत्तर टाळणे. तिन्हींची १४ अक्षरे तीच आहेत. पडताळणी अशी करावी: प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने उतरवून एकाखाली एक ठेवावीत. इथे तिन्ही ओळी सारख्याच येतात: ए एक, ई दोन, जी एक, आय दोन, एन एक, ओ एक, आर दोन, एस एक, टी दोन, व्ही एक. बेरीज १४. नुसती एकूण संख्या जुळली म्हणून थांबू नये. चुका होतात त्या दोनदा येणाऱ्या अक्षरांत, आणि त्यांतही आर, टी व एस यांत. संख्या जुळवण्यासाठी शेवटी हळूच अनेकवचनाचा एस चिकटवण्याची युक्तीही सर्रास दिसते. तो मुळातच शब्दरूपाचा भाग असेल तर हरकत नाही, पण मग यादीत तसे लिहावे.

सगळे अॅनाग्राम एका तोलाचे नसतात, हेही वाचकाला सांगायला हवे. ‘कॉन्व्हर्सेशनलिस्ट्स’ आणि ‘कॉन्झर्व्हेशनलिस्ट्स’ ही १८ अक्षरी जोडी मोठ्या थाटात दिली जाते. प्रत्यक्षात त्यात एस आणि व्ही यांनी जागा बदलल्या, बाकीची १६ अक्षरे होती तिथेच आहेत. शिवाय संवर्धन करणाऱ्यासाठी इंग्रजीत सहसा वापरला जातो तो ‘कॉन्झर्व्हेशनिस्ट’ हा आखूड शब्द. याउलट ‘सिनेमॅटोग्राफर’ (छायालेखक) आणि ‘मेगाकायरोप्टरन’ (फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या गटातला प्राणी) १५-१५ अक्षरांचेच, पण अक्षरे पुरती ढवळून निघालेली, आणि अर्थाचा एकमेकांशी काही संबंध नाही! ‘पर्कशन’ (तालवाद्ये) आणि ‘सुपरसॉनिक’ (ध्वनीहून वेगवान) ही १० अक्षरी जोडीही अशीच, शाळकरी मुलांनाही पेलणारी.

अक्षरांच्या अटींचे शब्द देताना अट पूर्ण लिहावी. ‘एकच स्वर’ म्हणजे स्वर एकदाच येतो, की तोच स्वर पुन्हा पुन्हा येतो? ‘स्ट्रेंग्थ्स’च्या ९ अक्षरांत ई एकदाच आहे. ‘स्ट्रेंग्थलेसनेस’ (बलहीनता) १६ अक्षरांचा. त्यात ई तीनदा आहे, पण दुसरा स्वर नाही. ओ घेतला तर ‘मोनोफ्थाँग्ज’ (एकेरी स्वरध्वनी), १२ अक्षरे. यू घेतला तर ‘अनट्रुथफुल’ (असत्य बोलणारा), १० अक्षरे. वाय स्वरात धरायचा की नाही, हे आधीच ठरवावे लागते, नाहीतर ज्यात वायशिवाय दुसरा स्वर नाही त्या ‘ऱ्हिदम्स’ला (लयी) बिनस्वराचा म्हणायचे की नाही यावर वाद होणारच. एकही अक्षर दोनदा न येणाऱ्यांत ‘अनकॉपीराइटेबल’ (स्वामित्वहक्क न देता येण्याजोगा) आणि ‘डर्मटोग्लिफिक्स’ (बोटे-तळव्यांवरील रेषांचा अभ्यास) हे १५ अक्षरी ठीकच, पण १४ अक्षरांचा ‘अँबिडेक्स्ट्रसली’ (दोन्ही हात सारखेच वापरत) जास्त देखणा, कारण त्यात पाचही स्वर एकेकदा येतात आणि शेवटी वायही.

‘सर्वांत लांब’ हे दोन शब्द मात्र शक्यतो टाळावेत. टंकलेखन यंत्राच्या वरच्या ओळीतल्या अक्षरांनी होणारा सर्वांत लांब शब्द ‘टाइपरायटर’ असे नेहमी छापून येते. त्याची अक्षरे १०. ‘प्रोप्रायटर’, ‘पर्पेच्युइटी’ आणि ‘रेपर्टवार’ यांचीही १०. आणि ‘रप्चरवर्ट’ नावाच्या वनस्पतीची ११. उत्तर कोशागणिक बदलते, म्हणून कोशाचे नाव देऊन ‘या कोशात’ एवढेच म्हणावे. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगांचेही तेच: एसच्या जागी झेड किंवा सी आला की जुळलेला अॅनाग्राम मोडतो.

अर्थांबद्दल थोडे. ‘फसीशस’ला ‘विनोदी’ म्हणून चालत नाही. गंभीर प्रसंगी नको तिथे थट्टा करणारा, असा त्याचा सूर आहे. ‘अबस्टीमियस’ म्हणजे खाण्यापिण्यात मिताहारी, उपाशी राहणारा नव्हे. दोन्हींत पाच स्वर वर्णमालेच्याच क्रमाने येतात, म्हणून ते बहुतेक प्रत्येक यादीत असतात आणि बहुतेक वेळा अर्थात घसरतात.

सर्वांत मोठी अडचण छपाईतच आहे. शब्द देवनागरीत छापला की त्याची अक्षरेच दिसेनाशी होतात: ‘फ’मागे एफ आहे की पी-एच, हे कळायला मार्ग नाही. एकूण संख्या देऊन भागत नाही; दोनदा-तीनदा येणारी अक्षरे शब्दाखाली एका ओळीत नावानिशी द्यावीत, म्हणजे वाचक स्वतः पडताळू शकेल. ‘इलेव्हन प्लस टू’ आणि ‘ट्वेल्व्ह प्लस वन’ यांसारखी वाक्खंडांची जोडी असेल तर मधली मोकळी जागा मोजलेली नाही, हेही तिथेच लिहावे.

आपला,
एक शब्दकोडेप्रेमी वाचक