बारशाआधीचा दाखला आणि आय-१३०

संपादक महोदय,

अमेरिकेचे नागरिक झालेले मूल २१ वर्षांचे असले की आई-वडिलांसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला तिकडे कायमचे नेण्यासाठीचा पहिला अर्ज, भरू शकते. मग इकडे धावपळ सुरू होते ती आईच्या जन्मदाखल्यासाठी. तो लागतो, पण पुढे, व्हिसाच्या टप्प्यावर. आय-१३० ला सिद्ध करायचे असते नाते, आणि ते ठरते मुलाच्या जन्मदाखल्यावरून. त्यात मुलाचे आणि आईचे अशी दोन्ही नावे हवीत. वडिलांसाठी शिवाय आई-वडिलांच्या विवाहाचा दाखला.

जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना बहुधा कोराच असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली. नाव भरून घेण्याची मुदत मुळात १५ वर्षांची, पण राज्य सरकारने ती वेळोवेळी वाढवली आहे. तेव्हा नोंद जिथे झाली त्या पालिकेत वा ग्रामपंचायतीत आधी विचारावे.

आईच्या नावाचा गुंता त्याहून मोठा. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून दाखल्यात माहेरचे 'सुमन'. लग्नात नाव बदललेले, म्हणून पासपोर्टवर 'सुनीता'. तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी या दोन बायका. फॉर्ममध्ये पूर्वीच्या इतर नावांसाठी रकाना असतो. तो भरावा आणि दोन्ही नावे असलेला विवाह दाखला किंवा राजपत्रातील नोंद जोडावी.

जन्माची नोंदच सापडत नसेल तर लोक प्रतिज्ञापत्रासाठी थेट नोटरीकडे जातात. हा क्रम उलटा आहे. आधी जन्म-मृत्यू निबंधकाकडून अनुपलब्धता दाखला, म्हणजे नोंद मिळत नसल्याचे पत्र, मग शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा जुना पुरावा. तोही नसेल तेव्हाच दोन प्रतिज्ञापत्रे, तीही अर्जाबाहेरच्या व्यक्तींची. आई आणि मुलगा दोघेही अर्जातले, त्यामुळे त्यांची चालत नाहीत. मामा, मावशी किंवा शेजारी चालतात. 'मी यांना ओळखतो' एवढ्याने भागत नाही. जन्म कुठे, कधी झाला आणि आपल्याला तो कसा माहीत, हे लिहावे लागते. गेल्याच वर्षी उशिरा नोंदवून घेतलेला दाखला एकटा पाठवू नये, सोबत जुना कागद हवाच.

मराठी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर शिक्क्यांसह आणि मागच्या शेऱ्यासह पूर्ण हवे. ते पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिले की पुरे. नोटरीचा खर्च विनाकारण.

– एक वाचक