पैसे एचडीचे, चित्र मात्र जुनंच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की कोकणात रंगरंगोटीबरोबर नवा टीव्हीही घरात येतो. नवा मोठा ओटीवर, आधीचा माजघरात आजीसाठी आणि तिसरा मागच्या खोलीत, मुंबईहून येणाऱ्या पोरांसाठी. किमतीवरून घासाघीस होते, भिंतीवरच्या स्टँडवरूनही होते. पण छपरावरच्या डिशच्या छत्रीतून आलेलं चित्र तिन्ही टीव्हींपर्यंत पोचणार कसं, हे दुकानात कोणी विचारत नाही आणि कोणी आपणहून सांगतही नाही. मी दापोली तालुक्यात वायरिंगची कामं करतो. त्यातून जो खेळखंडोबा बघायला मिळतो, त्याबद्दल हे पत्र.

सगळ्यात जास्त चालणारा उपाय म्हणजे एकाच सेट-टॉप बॉक्सवर सगळे टीव्ही. ओटीवरचा टीव्ही एचडी चित्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरीने जोडतात आणि बॉक्सच्या पाठीमागे उरलेल्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या भोकांतून लांब वायर माजघरात नेतात. काम झटपट होतं, चित्रही येतं. मात्र त्या पिवळ्या वायरीतून ५७६ ओळींपलीकडे काही जात नाही, आणि पूर्ण एचडीचं चित्र १०८० ओळींचं असतं. म्हणजे एचडी चॅनलचे जादा पैसे दरमहा भरायचे आणि माजघरात पसरट तोंडाच्या बातम्या बघायच्या. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, त्यांना वाटतं चष्म्याचाच नंबर वाढला.

थोडा जाणकार असला की एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एका बॉक्सचं चित्र अनेक टीव्हींना वाटणारा डबा, लावतो. मग चित्र सगळीकडे एचडी येतं, पण सगळीकडे एकच. आजीला कीर्तन हवं आणि नातवाला क्रिकेट, तर भांडण ठरलेलं. स्वस्तातला स्प्लिटर चॅनलचं डिजिटल कुलूप, म्हणजे एचडीसीपी, नीट ओळखत नाही आणि पडदा काळा राहतो. शिवाय साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे गेली की चित्र लुकलुकायला लागतं. आपल्या लांबट घरांत ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत तेवढं अंतर सहज होतं. तिथे कॅट सिक्स, म्हणजे इंटरनेटसाठी वापरतात ती वायर, टाकून तिच्या दोन टोकांना चित्र लांब नेणाऱ्या एक्स्टेंडरची जोडी लावावी. एक्स्टेंडर एचडीबेसटी नावाच्या पद्धतीचा असेल तर १०० मीटरपर्यंत चित्र जातं. वाडीतल्या सगळ्यांना अंगणात सामना दाखवायचा असेल तर हे उत्तम. रोजच्या घरासाठी नाही.

रोजच्या घरात प्रत्येक टीव्हीला आपला बॉक्स हवा, आणि प्रत्येक बॉक्सला छत्रीपासून आपली वायर. इथेच मोठी चूक होते. छत्रीवरची एकच वायर साध्या स्प्लिटरने फोडून दोन बॉक्सना देतात. बॉक्स त्याच वायरीतून वर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या लहरी पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभ्या की आडव्या लहरी हव्यात ते सांगत असतो. एक बॉक्स १३ मागतो, दुसरा १८, आणि एकाचे निम्मे चॅनल गायब होतात. मग ‘सिग्नल नाही’ म्हणून बॉक्स बदलला जातो, टीव्हीला शिव्या बसतात. खरं तर दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी बसवला की काम संपतं.

खर्चाचं म्हणाल तर दुसऱ्या बॉक्सचा दरमहा आकार आधी विचारून घ्यावा. एकाच नावावरच्या जादा टीव्हीला नेटवर्क शुल्क, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोचवण्याचा आकार, मूळ शुल्काच्या ४० टक्क्यांहून जास्त नको, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०२० मध्ये ठरवलं होतं. २०२४ मध्ये मूळ शुल्कावरची १३० रुपयांची मर्यादाच निघाली. डिसेंबर २००४ पासून चालू असलेल्या दूरदर्शनच्या मोफत सेवेला, म्हणजे आजच्या फ्री डिशला, महिन्याचं काही लागत नाही. तिथे बहुतेक चॅनल साधे आहेत, पण ज्यांना सह्याद्री आणि बातम्या पुरतात त्यांचं त्यात भागतं. तिची छत्री मात्र बहुतेक वेळा वेगळी लागते. तो उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला. त्या बाजूला माड वाढत असेल तर आज चांगलं दिसणारं चित्र चार वर्षांनी झावळीआड जाईल.

पोरं म्हणतात, वायर कशाला, वायफायवर बघू. चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडताना पाच गिगाहर्ट्‌झचं वायफाय मान टाकतं, हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळतं.

आता पाऊस. आषाढातल्या मुसळधारेत छत्रीचं चित्र जाणारच, छत्रीकडे येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पावसाचं पाणी शोषून घेतं आणि घरात अँप्लिफायर बसवून त्यावर इलाज होत नाही. पण निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) वादळांत फिरलेल्या कितीतरी छत्र्या पुन्हा नुसत्या नजरेच्या अंदाजाने बसवल्या गेल्या. उन्हाळ्यात त्या चालतात आणि जरा सर आली की मान टाकतात. सिग्नल मोजणारा मीटर लावून नीट बसवलेली छत्री त्याच सरीत तग धरते. खारा वारा तर जॅक खातोच. बाहेरच्या प्रत्येक जोडावर रबरी टेप हवी, आणि वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली वळण हवं, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. छत्रीच्या खांबाला अर्थिंग तर शंभरात एखाद्याकडे दिसतं. परतीच्या पावसात वीज कडाडली की एका वायरीने बांधलेले तिन्ही टीव्ही एकदम जातात.

सध्या गावोगाव घरांची दुरुस्ती आणि निवास-न्याहारीसाठी खोल्यांची बांधकामं चालू आहेत. गिलावा होण्याआधी प्रत्येक खोलीपर्यंत रिकामा पाइप टाकून ठेवा, इतकंच मालकांना सांगणं आहे. नंतर चिरा फोडण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो आणि भिंत विद्रूप होते ती वेगळीच.

दुकानदारांकडे आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे मागणी एकच: घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या टीव्हीवर एचडी दिसेल की नाही आणि त्याचा दरमहा आकार किती, हे जोडणी देतानाच पावतीवर मराठीत लिहून द्यावं. आपल्या पुरवणीत गणपतीआधी याची माहिती छापलीत तर बरं होईल, कारण चतुर्थीच्या आदल्या रात्री वायरमन कोणाच्याच फोनला सापडत नाही.

आपला,
एक वायरमन वाचक
दापोली, जि. रत्नागिरी