धुऱ्यापलीकडच्या (म्हणजे शेताच्या बांधापलीकडच्या) काकाजींना

काकाजी, नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर "काहून वो, परके झालो का आमी?" म्हणत तुम्ही उठून गेले असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

२०२० चा खरीप आपल्या यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात कोण विसरेल? पेरण्या आटोपल्या आणि कितीतरी वावरांत सोयाबीन उगवलंच नाही. राज्यभर तक्रारी झाल्या. आधीच्या साली काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला होता, बरंचसं बियाणं तिथंच बाद झालं होतं. आई पेरणीच्या ओळीत बसून माती उकरायची. दाणे फुगून कुजलेले. दुकानदार म्हणाला, खोल पेरलं असेल. पंचनाम्याचं पुढं काय झालं ते सोडा.

दुबार पेरणीला बियाणं मिळेना, आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काही कोणासाठी थांबत नाही. ट्रॅक्टरवाल्याकडे नंबर लागलेले. तुम्ही घरच्या बियाण्याचे कट्टे बंडीत टाकून आणले, सोबत पेरणीची तिफनही. आईनं सवाईची, म्हणजे सव्वापट परत करायची, गोष्ट काढली तर तुम्ही चिडलात, "सवाई सावकाराले देजो. नेलं तेवढंच आणजो, नाही तं पुढच्या मागणाऱ्याले देजो." ना चिठ्ठी, ना अंगठा.

पण माझे खरे आभार त्या गोणपाटासाठी आहेत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही साऱ्यांना आपल्या ओसरीत बोलावलंत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं, आठवडाभरानं उलगडून कोंब मोजायचे. ७० निघाले की एकरी ३० किलो पुरे. कोणीतरी म्हणालं, "काकाजी, तुमच्या बियाण्यावर आमचा भरोसा हाय." तुम्ही म्हणालात, "माहा नाही," आणि पहिले दाणे स्वतःचेच मांडलेत.

सोयाबीनचं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण तीन वर्षं घरचं चालतं, हे तेव्हा कळलं. टरफल कांद्याच्या पापुद्र्याएवढं नाजूक, म्हणून थ्रेशरचा वेग कमी ठेवायचा, कट्टे आदळायचे नाहीत. पोरं अजूनही आदळतात आणि तुमच्या शिव्या खातात, ते वेगळं.

आता कोणाकडे किती बियाणं राखलंय हे वस्तीत साऱ्यांना तोंडपाठ असतं. धुऱ्यापायी कोर्टात गेलेले ते दोघे भाऊही एकाच गोणपाटावर दाणे मांडतात. बोलत नाहीत, पण एकमेकांचे कोंब मोजून घेतात. बैलजोड्या कमी झाल्या, तिफन माळ्यावर गेली, तरी पेरणीच्या दिवसांत एकमेकांच्या दारी जाणं सुटलं नाही. याला तुम्ही कारण आहात, कबूल करा अथवा नका करू.

एक काम होतं. यंदा आमचे ६२च उगवले. आईला अजून सांगितलं नाही. जास्तीचं असेल तर एक कट्टा बाजूला ठेवा. बंडी जुंपू नका, मी गाडीवर घेऊन जाईन.

तुमची,
धुऱ्याअलीकडची