विंडोज ११ नंतर रंगीत छपाई बिघडली : हेड क्लीनिंग नको, पूर्ण ड्रायव्हर द्या

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा (प्रिंटर विभाग)

विषय : ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यानंतर रंगीत छपाईत आलेला दोष आणि न सुटताच बंद केलेल्या तक्रारी

महोदय,

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं झेरॉक्स, डीटीपी आणि फोटोचं दुकान आहे. आपल्या कंपनीचा चार रंगांचा इंक टँक प्रिंटर मी दुकानासाठी घेतला, त्याची वॉरंटी अजून चालू आहे. कॉम्प्युटर विंडोज १० वरून विंडोज ११ वर नेल्यापासून त्यातून एकही फोटो खऱ्या रंगात निघालेला नाही. आपल्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की काही दिवसांनी ‘तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज येतो आणि फोटो तसेच लालसर निघत राहतात. म्हणून आता सगळं लेखी मांडते आहे. कृपया हे पत्र ज्याला ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरकडून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, कळतो अशा माणसाच्या हातात द्यावं.

‘परत विंडोज १० टाका’ असं आपल्या एका प्रतिनिधीने सुचवलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्याकडे लोक आधार, पॅन, पासबुक, उत्पन्नाचा दाखला व्हॉट्सॲपवर पाठवतात, पेनड्राइव्हमधून देतात. लोकांची अशी कागदपत्रं ज्या कॉम्प्युटरवर उघडायची त्यावर जुनी सिस्टीम चालवणं मला पटत नाही. शिवाय आपल्याच खोक्यावर हा प्रिंटर विंडोज ११ वर चालतो असं छापलेलं आहे.

आता दोष सांगते. सिस्टीम बदलल्यावर सुरुवातीला सगळं काळं-पांढरंच छापून येत होतं. प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये ग्रेस्केल आपोआप चालू झालं होतं, ते बंद केल्यावर रंग आले. पण आले ते असे की चेहरे लालसर, सावल्या काळपट आणि मागचा पांढरा पडदा फिकट गुलाबी. त्याहून वाईट म्हणजे ग्लॉसी कागदावर केसांचा काळा रंग वाळतच नाही, बोट फिरवलं की पुसला जातो.

या शेवटच्या खुणेकडे आपल्या तंत्रज्ञांनी लक्ष द्यायला हवं होतं. या प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची आहे, बाकीच्या तीन डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. पिगमेंटची काळी शाई साध्या कागदासाठी असते. फोटोच्या ग्लॉसी कागदात ती मुरत नाही, वरच राहते. म्हणूनच कागदाचा प्रकार ‘फोटो पेपर’ निवडला की प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि निळसर, किरमिजी, पिवळ्या शाया मिळून काळा रंग बनवतो. पूर्वी असंच व्हायचं आणि फोटो हाताळता यायचे. आज काळं हाताला लागतं, याचा अर्थ प्रिंटर माझ्या ग्लॉसी कागदाला साधा कागद समजून शाई सोडतो आहे. आणि तसं तो समजतो, कारण कागदाचा प्रकार सांगायची सोयच आता कॉम्प्युटरवर राहिलेली नाही.

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड उघडून पाहिलं, तर तिथे आपला ड्रायव्हर नाही. विंडोजने स्वतःचा सर्वसाधारण क्लास ड्रायव्हर बसवला आहे. कागदाचे प्रकार, छपाईचा दर्जा, रंग कमी-जास्त करायचा भाग, काहीच नाही. फोटोशॉपमधून वाट काढून पाहिली. रंग सांभाळायचं काम प्रिंटरकडे सोपवलं तर वरचाच दोष. फोटोशॉपकडे ठेवावं, तर आपल्या फोटो कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल) यादीतून गेलेलं, कारण तेही पूर्ण ड्रायव्हरसोबतच येतं. जुना ड्रायव्हर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधून पॅकेजसकट काढला, केबल काढून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि आपल्या संकेतस्थळावरची विंडोज ११ ची फाइल चालवली. इन्स्टॉलर शेवटपर्यंत जातो, हिरवी खूण दाखवतो आणि प्रिंटर पुन्हा त्याच क्लास ड्रायव्हरवर उभा राहतो.

मशीन बिघडलं आहे का, याची खात्री मी आपल्याला फोन करण्याआधीच करून घेतली होती. शाई सोडणारी छिद्रं तुंबली आहेत का ते दाखवणारा नोझल चेक काढला, चारही रंगांच्या रेघा अखंड आहेत. कॉम्प्युटर बंद ठेवून काचेवर एक जुना फोटो ठेवला आणि प्रिंटरच्या बटणावरून कॉपी काढली, रंग बरोबर. मग घरच्या जुन्या लॅपटॉपला, ज्यात अजून विंडोज १० आणि आपला पूर्ण ड्रायव्हर आहे, तीच केबल लावली. तीच फाइल, तोच कागद, तीच शाई. चेहरा जसा असायला हवा तसा आला आणि काळं हाताला लागलं नाही. दोन्ही प्रिंट पत्रासोबत जोडल्या आहेत, मागे पेन्सिलने लिहिलं आहे कोणती कुठली.

एवढं सांगूनही हेल्पलाइनचं उत्तर एकच : हेड क्लीनिंग करा, म्हणजे शाई सोडून ती छिद्रं साफ करा. मग डीप क्लीनिंग करा. मग प्रिंटर पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. नोझलच्या रेघा अखंड असताना क्लीनिंग कशासाठी? प्रत्येक क्लीनिंगमध्ये चांगली शाई वेस्ट इंक पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये) जाते, बाटलीचे पैसे मी भरते, आणि पॅड भरला की प्रिंटर थांबतो. मशीन पुण्याला गेलं तर तितके दिवस दुकानातलं निम्मं काम बंद. आणि तिथल्या टेबलावर, त्यांच्या कॉम्प्युटरवर, तो बरोबरच छापणार.

या दोषाचं मोल आपल्याला कळावं म्हणून सांगते. माझ्या दुकानात येणारी बहुतेक मुलं नांदेड, परभणी, बीड, धाराशिवच्या खेड्यांतून नीटच्या तयारीसाठी इथे खोली करून राहतात. त्यांना पासपोर्ट आणि पोस्टकार्ड आकाराचा फोटो लागतो, मागचं पांढरं असलेला. गुलाबी पार्श्वभूमीचा, बोटाने पुसला जाणारा फोटो मी परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातात देऊ शकत नाही. परवा अहमदपूरकडचे एक गृहस्थ फोटो हातात धरून म्हणाले, “ताई, लेकराचं तोंड असं लालबुंद का दिसायलंय? शाई संपली का?” मी पैसे परत केले आणि शेजारच्या दुकानात पाठवलं. अशी गिऱ्हाइकं एकदा गेली की पुढच्या बॅचची मुलंही तिकडेच जातात.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवलं जाईल. कंपन्यांना ते आपल्या संकेतस्थळावरून देता येतील, हेही तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे तयारीला आपल्याला भरपूर वेळ मिळाला होता. ‘हा विंडोजचा प्रश्न आहे’ हे आपलं उत्तर म्हणूनच मला मान्य नाही. क्लास ड्रायव्हर साध्या कागदपत्रांपुरता ठीक आहे, पण मी फोटोचा प्रिंटर विकत घेतला आहे.

माझी मागणी अशी. विंडोज ११ वर खरोखर बसणारा, कागदाचे प्रकार आणि रंग प्रोफाइल असलेला पूर्ण ड्रायव्हर मला पाठवावा, किंवा आपल्या तंत्रज्ञाने दूरून माझ्या कॉम्प्युटरवर तो बसवून, माझ्यासमोर ग्लॉसी कागदावर एक फोटो काढून दाखवावा. तो बसणारच नसेल तर तसं लेखी कळवून प्रिंटर परत घ्यावा आणि पैसे द्यावेत. क्लीनिंगमध्ये आपल्या सांगण्यावरून वाया गेलेल्या शाईची भरपाई मला हवीच आहे. आणि हेल्पलाइनवरच्या मुलांना एवढं शिकवा, की रंगाची तक्रार आली तर आधी नोझल चेक आणि ड्रायव्हरचं नाव विचारायचं. ती मुलं नम्रपणे बोलतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या हातात दिलेला कागदच अपुरा आहे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दुकानासाठी घेतलेली वस्तू म्हणून मी ग्राहक नाही, असं कृपया सांगू नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूची मानलेली नाही, आणि तक्रार मी राहते तिथेच दाखल करता येते.

तंत्रज्ञाचा फोन शक्यतो सकाळी अकराच्या आत यावा. त्यानंतर क्लास सुटतात आणि दुकानात गर्दी होते.

आपली ग्राहक,
झेरॉक्स व फोटो केंद्र चालक, लातूर

सोबत : बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत, नोझल चेकचा कागद, दोन फोटो प्रिंट, ड्रायव्हरचं नाव दिसणारा स्क्रीनशॉट