हाक जाते, ओ येत नाही: मंत्रीमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार. नाव घालत नाही. खाती बदलतात, पत्र पोचेपर्यंत खुर्चीत कोण असेल सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आपण आमच्या खानापूर तालुक्यात पाहणीला आला होता. चिखलात गाडीतून उतरलात, त्याचं कौतुक आहे. तेव्हा मी आपल्या हातात अर्ज दिला होता. माझ्या हॅम, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओच्या गेटवेसाठी एक स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, एवढंच मागणं. "पुढच्या पावसाळ्याच्या आत करून टाका," असं आपण शेजारच्या साहेबांना म्हणालात. साहेबांनी वहीत लिहूनही घेतलं. पुढचा पावसाळा आला. वही कुठं आहे?

गेटवे म्हणजे काय ते परत सांगतो, कारण त्या दिवशी आपण मान डोलावलीत ती समजून नव्हती. जांबोटीच्या वर, चोर्ल्याच्या वाटेला माझा एक हॅम मित्र राहतो. मोबाईलचे टॉवर पडले की त्याचा मजकूर १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पाकिटं होऊन माझ्याकडे येतो. वेग १२०० बॉड, सेकंदाला फार तर दीडशे अक्षरं. (आपल्या खात्याच्या मानाने बराच म्हणायचा.) माझ्या माळ्यावर रास्पबेरी पाय नावाचा पंजाएवढा कॉम्प्युटर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो. तो रेडिओवरचं पाकीट उचलतो आणि इंटरनेटच्या आत काढलेल्या बोगद्यातून पुण्यातल्या हॅम स्टेशनकडे सोडतो.

गंमत बघा. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांसाठी १९८१ सालापासून ४४ ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाख पत्ते राखलेले होते. २०१९ मध्ये त्यातला चौथा हिस्सा ॲमेझॉनला विकला, तरी उरले ते काय थोडे आहेत? सातासमुद्रापलीकडच्या मंडळींनी त्यातले सोळा मला फुकट दिले. बोगद्याचं तोंड उघडायला मात्र घरच्या इंटरनेट कंपनीचा एक पत्ता लागतो, तो मिळत नाही! फायबर घातल्यापासून त्यांनी अख्ख्या गल्लीला मिळून एकच दार ठेवलंय आणि दारावर त्यांचा वॉचमन. टीसीपी आणि यूडीपी या इंटरनेटवर पाकिटं पाठवायच्या नेहमीच्या दोन रीती; बोगद्याचं पाकीट टीसीपीही नव्हे आणि यूडीपीही नव्हे, त्याला घर ओळखायला लागणारा पोर्ट नंबरच नसतो. ते कुणाच्या घरचं हे वॉचमनला कळत नाही आणि तो ते फेकून देतो. "बिझनेस प्लॅन घ्या, जीएसटी नंबर द्या," असं कंपनी सांगते. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. टीव्ही आता कोण दुरुस्त करतं? भाड्याचा सर्व्हर घेऊन वळसा घालता येतो हे मलाही ठाऊक आहे. पण या नादात आजवर माझे चाळीसेक हजार गेलेत, बायकोच्या हिशोबाने साठ. "कशाला त्या डबड्यापुढं बसूलाय?" असं ती रोज विचारते. तिला मी तुमचं आश्वासन दाखवायचो.

मग परवाचा पाऊस झाला. मी बेळगावात होतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्यावर पट्टी, फोन पिशवीच्या तळाशी बंद. गेटवे असतो तो अशाच वेळेसाठी, माणूस जागेवर नसताना. घाटात लाईट गेली, टॉवर गेला. मित्राच्या आईची बीपीची गोळी संपलेली, मित्राचा मुलगा पुण्यात. मित्राने निरोप लिहिला आणि पाठवत राहिला. पण टीसीपीची रीत अशी की आधी हाक, मग समोरून ओ, मग आपण ओ ऐकल्याचं सांगायचं, आणि त्यानंतरच निरोप. त्याची हाक माझ्या माळ्यापर्यंत आली. ओ कधीच आली नाही. रात्रभर हाका मारून त्याची बॅटरी उतरली. पट्टी निघाल्यावर एका डोळ्याने मी गेटवेचा लॉग, म्हणजे पाकिटांची नोंद, वाचला. बोगद्यातून जाणारी पाकिटं पानभर, येणारं एकही नाही.

तक्रार केली ती मराठीत. मराठी चालत नाही म्हणाले. गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, असं राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं. हे मी काउंटरवर सांगितलं, तर माझ्या पट्टीकडे बघून म्हणाले, "विश्रांती घ्या, अज्जा."

आणि खरं सांगू का, मला याचं आश्चर्यही वाटत नाही. १९५६ पासून आम्ही सीमाभागातले मराठी लोक हाका मारतोय. महाजन आयोग झाला, २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. बाजूने असो वा विरोधात, निदान एक ओ तरी? २०१२ पासून बेळगावात सुवर्णसौध, कर्नाटक विधिमंडळाची इमारत, उभा आहे. अधिवेशनाचे दिवस सोडले तर त्यातही कुणी ओ द्यायला नसतं. महाराष्ट्रवाल्यांनाही आम्ही निवडणुकीपुरतेच आठवतो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथलं पाणी तुम्हाला दिसतं, पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचे नकाशे पाठ असतात. तिथल्या म्हातारीची गोळी कुठल्या नकाशात आहे?

तुमच्या वहीतल्या त्या पानासाठी परत लिहितो: एक स्टॅटिक आयपी, घरगुती दरात.

मित्राच्या मुलाचा परवा मला फोन आला. रेडिओवर सांगावं तर मित्राची बॅटरी मेलेली. शेवटी मुलाचा निरोप मी कागदावर लिहिला, गोळ्यांची पट्टी त्यात गुंडाळली आणि जांबोटीच्या बसच्या कंडक्टरकडे दिली. कंडक्टर कानडी होता. तिकीटही न मागता त्याने ती खिशात ठेवली आणि संध्याकाळी नेऊन पोचवली.

आपला,
खानापूरचा एक परवानाधारक हॅम