अडीचचा पेला

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा तपासणीला गेले तेव्हा एक फॉर्म भरायला दिला. आजारामुळे महिन्यात किती सुट्ट्या पडल्या, थकवा किती येतो, चारचौघांत खाताना संकोच वाटतो का, असं सगळं. भराभर लिहीत गेले. शेवटी प्रश्न होता, घरातल्यांच्या झोपेवर परिणाम होतो का? पुढे ‘हो’ आणि ‘नाही’च्या दोन चौकटी. मी तो प्रश्न तसाच सोडून आले. त्याचं उत्तर तुम्हालाच लिहायचं होतं.

दहा महिन्यांची असताना माझ्या या रक्तातली साखर उतरण्याच्या आजाराचं निदान झालं आणि बावीस वर्षांची होऊन मी पुण्याला आले. मधल्या एकाही रात्री तुम्ही दोघं एकदम, सलग झोपला नाहीत. रात्री दहाचा पेला आईचा, अडीचचा बाबांचा, सहाचा परत आईचा. बाबा, माठातल्या गार पाण्यात कॉर्नफ्लोअर ढवळताना चमचा वाजायचा, तो आवाज मला झोपेतही कळायचा. पेला संपला की तळाशी बसलेला साका तुम्ही घोटभर पाण्यात विसळून तोही पाजायचात. ‘एवढंच राहिलं, बाळा.’ मोजून घेतलेलं एक ग्रॅमही वाया जाऊ दिलं नाहीत.

मावशीकडे राहायला गेलो होतो ती रात्र आठवते? तिनं मायेनं तेच पीठ गरम पाण्यात शिजवून कांजीसारखं दिलं. दीड-दोन तासांत मी घामानं निथळत होते, हाकेला ओ देत नव्हते. शिजलेलं झटकन पचतं, साखर चढते आणि कोसळते. कच्चं असलं तरच पोटात हळूहळू सुटतं. तिचा काय दोष? कच्चं पीठ लेकराला पाजतात हे कुणाला खरं वाटेल? हा उपाय अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला तो १९८४ साली, माझ्या जन्माच्या दहाच वर्षं आधी. त्यापूर्वी अशा मुलांच्या नाकातून नळी घालून रात्रभर थेंबथेंब ग्लुकोज सोडायचे.

‘ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, टाइप वन-ए’ हे नाव शाळेत कुणाच्या तोंडात बसेना. बाबा, तुम्ही बाईंना सांगितलंत, ‘हिच्या लिव्हरची कणगी भरलेली आहे, पण तोंड लिंपलेलं आहे. आतलं धान्य बाहेर येत नाही, म्हणून वरून घालत राहायचं.’ साठवलेली साखर मोकळी करणारं एन्झाइम नाही, एवढीच तर गोष्ट. मी आजही ऑफिसात असंच सांगते.

आई, तुझं एक मला फार उशिरा कळलं. दूध बंद, साखर-गूळ बंद, फळं बेतानं, म्हणून तू संक्रांतीला माझ्यासाठी मीठ लावून तीळ भाजायचीस, चतुर्थीला तिखट सारणाचे मोदक करायचीस. मला वाटायचं, तुलाही गोड आवडत नाही. आणि आजी म्हणायची, हे तुझ्या माहेरचं दुखणं. तू उलटून बोलली नाहीस. मग एकदा बाबा आजीसमोर म्हणाले, ‘बिघडलेलं जनुक दोघांकडून यावं लागतं. अर्धं माझं आहे.’ दाराआड उभी राहून मी ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून मला माझ्या आजाराची लाज वाटली नाही.

आता एक बातमी, जी फोनवर सांगायची टाळत होते. सोनोग्राफीत लिव्हरवर दोन लहान गाठी दिसल्या आहेत. कॅन्सरच्या नाहीत. या आजारात मोठ्या वयात अशा गाठी होतात. लक्ष ठेवायचं, सहा महिन्यांनी परत बघायचं. बाबा लगेच पैशांचा हिशोब मांडतील, म्हणून आधीच लिहिते : २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात, या आजारात लिव्हर बदलायची वेळ आली तर मदतीची सोय आहे. मर्यादा २०२२ पासून पन्नास लाख आहे आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे. आज तशी वेळ आलेली नाही. घरावर कर्ज काढायचा विचारही करू नका.

आई, अजून रोज अडीचला तुझा फोन येतो. माझे दोन गजर लागलेले असतात, आणि आता दंडावर सेन्सर आहे. साखर उतरली की माझा आणि शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीचा, दोघींचे फोन वाजतात. तिला पेला करता येतो. साका विसळायलाही शिकवलंय.

या शनिवारी फोन बंद करून दोघंही झोपा. रविवारी सकाळी सातला मी फोन करीन आणि रात्रीचे सगळे आकडे वाचून दाखवीन. आई, बाबांची बीपीची गोळी चुकू देऊ नकोस.

तुमची,
मनू