बाबांच्या गोळ्या आणि माझं काम

ऑक्सफर्ड

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, माझं काम नेमकं काय म्हणून लोकांना सांगायचं, असं तू विचारलं होतंस. आणि बाबा, आता त्रास नाही म्हणून तुम्ही मोठ्या आतड्याच्या सुजेवरच्या मेसालामाइनच्या गोळ्या बंद केल्यात. दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते आणि आपलं शरीर यांच्यामध्ये पेशींचा जेमतेम एक थर आणि त्यावर चिकट श्लेष्मा, बस. तरी प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडत नाही, कारण तिला आवरणाऱ्या पेशी असतात, रेग्युलेटरी टी पेशी (टी पेशी म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार). शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या आणि २०२५चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. सध्या इथे ऑक्सफर्डमध्ये असलेल्या फिओना पॉरी यांनी नव्वदच्या दशकात उंदरांवर केलेला प्रयोग तर मला अजूनही थक्क करतो. एका प्रकारच्या टी पेशी टोचल्या की आतडं सुजायचं. सोबत दुसऱ्या, म्हणजे आवरणाऱ्या प्रकारच्या दिल्या की सूज यायचीच नाही.

म्हणून आई, इम्युनिटी वाढवणारे काढे आणि चूर्णं बाबांना देऊ नकोस. त्यांची प्रतिकारशक्ती कमी पडत नाहीये, ती आवरली जात नाहीये. ताक सोसत असेल तर खुशाल दे, पण ते गोळ्यांच्या जागी नको.

माझ्याकडे कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासताना, घेतलेले आतड्याचे तुकडे येतात, दोन-तीन मिलिमीटरचे, रुग्णांनी स्वखुशीने संशोधनासाठी दिलेले. त्यातल्या जिवंत पेशी त्याच दिवशी वेगळ्या कराव्या लागतात, म्हणून कधीकधी तुमचा फोन घेता येत नाही. एक तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. निरोगी अस्तरात ग्रंथींच्या नळ्या शेजारीशेजारी सरळ उभ्या दिसतात. आजारात त्या वेड्यावाकड्या होतात, मध्ये अंतर पडतं, आणि पांढऱ्या पेशी थेट नळ्यांत घुसलेल्या असतात. बाबा, कधीकधी असा तुकडा ज्याचा असतो, तो माणूस डॉक्टरांना ‘मी ठणठणीत आहे’ असं सांगून गेलेला असतो. जुलाब थांबले, रक्त थांबलं, तरी आत सूज धुमसत असते. गोळी तिच्यासाठी असते, म्हणून बरं वाटतंय तेव्हाही ती घ्यायची.

पुन्हा उसळलं तर स्टिरॉइड घ्यावी लागतील. त्याने भागलं नाही तर प्रतिकारशक्ती दाबणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं. ती गुणकारी आहेत, १९९८ पासून वापरात आहेत, पण शरीरात दबून बसलेला टीबी त्यांनी उफाळू शकतो. आपल्याकडे टीबी किती आहे ते तुम्ही जाणता. साध्या गोळ्यांवर निभावतंय ते सोडू नका.

डॉक्टरांना उद्याच फोन करा आणि गोळ्या बंद केल्याचं स्पष्ट सांगा, ते पुढे कसं घ्यायचं ते सांगतील. आजाराला आठ वर्षं झाली की ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करावी लागते, कारण कर्करोगाचा धोका वाढतो. तुमची वेळ झालीय का, तेही विचारा. आई, जुन्या रिपोर्टांचे फोटो पाठव, सगळ्या पानांचे. मी रविवारी फोन करेन, तोवर अपॉइंटमेंट ठरवून ठेवा.

तुमची,
चिऊ